दामदुप्पटीचा खरा दर : साध्या कॅल्क्युलेटरवर सातवं, दहावं, पंधरावं मूळ काढण्याच्या नोंदी

८ जून २०२४, शनिवार

आमच्या बचत गटाच्या बैठकीत आज एका ठेव योजनेचा माणूस येऊन गेला. जाताना पत्रकं वाटली. पत्रकात तीन ओळी आहेत. १०,००० रुपयांचे ७ वर्षांत १६,०००, १० वर्षांत २०,००० आणि १५ वर्षांत ३०,०००. दराचा आकडा कुठेच छापलेला नाही, तो त्याने तोंडी सांगितला : पहिल्यात साडेआठच्या वर, दुसऱ्यात दहा, तिसऱ्यात तेरा टक्के. गटातल्या सहा-सात जणी पैसे ठेवायला तयारच झाल्या. पोस्टातल्या किसान विकास पत्राचा दर सध्या साडेसात टक्के आहे, मग दहा टक्के सोडायचे कशाला, असं त्यांचं म्हणणं.

गटाची वही मी लिहिते. घरी आल्यावर त्याचे आकडे कुठून आले ते पाहिलं. १०० ÷ १० = १०. २०० ÷ १५ = १३.३३. ६० ÷ ७ = ८.५७. म्हणजे एकूण वाढ घेऊन तिला सरळ वर्षांनी भागलेलं आहे. पोस्टाचा साडेसात टक्के हा चक्रवाढीचा दर आहे. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवताच येत नाहीत.

उलटा हिशेब लगेच जमला. खरोखर दहा टक्के चक्रवाढ मिळाली तर १० वर्षांत १०,००० चे २५,९३७ व्हायला हवेत. हा माणूस देतोय २०,०००. मग खरा दर किती? त्यासाठी २ चं दहावं मूळ लागतं, म्हणजे जो आकडा दहा वेळा घेऊन गुणला की २ येतात तो. रास (शेवटी हाती येणारी रक्कम) भागिले मुद्दल, आणि मुदत जितकी वर्षं तितकं मूळ. माझ्या कॅल्क्युलेटरवर फक्त √ ची कळ आहे.

मुलगी म्हणाली, मोबाईल आडवा धर, त्यात असतं. तिच्या फोनमध्ये खरंच आहे आणि उत्तर पडताळायला मी तो वापरणार आहे. पण गटातल्या निम्म्याहून जास्त जणींकडे बटणांचा फोन आहे. शिवाय दुसऱ्याच्या फोनवर आलेला आकडा आणि स्वतः कळा दाबून आलेला आकडा यांच्यावरचा विश्वास सारखा नसतो. बैठकीच्या पेटीत बारा अंकी कॅल्क्युलेटर असतो, तो सगळ्याजणी हाताळतात. तेव्हा त्याच कॅल्क्युलेटरवर जमेल असं एक कार्ड तयार करायचं ठरवलं. पुढची बैठक २२ तारखेला आहे.

९ जून, रविवार

सोपी मुळं आधी उरकली. √ दोनदा दाबलं की चौथं मूळ, तीनदा दाबलं की आठवं, चारदा दाबलं की सोळावं. आठ वर्षांत दामदुप्पट असती तर काम झालंच होतं : २ √ √ √ = १.०९०५०७७, म्हणजे ९.०५ टक्के. अडचण अशी की पत्रकातली एकही मुदत अशी सोयीची नाही.

सातव्या मुळासाठी संध्याकाळचे दोन तास गेले आणि हाती काहीच लागलं नाही. काय चुकलं ते लिहून ठेवते, कारण हा रस्ता कुणालाही सुचेल. मी विचार केला, ४ आणि ३ मिळून ७. म्हणून एक अंदाज घ्यायचा, १.६ ला त्या अंदाजाच्या घनाने भागायचं, √ दोनदा दाबायचं आणि जे येईल तो नवा अंदाज. १ पासून सुरुवात केली. आकडे असे आले : १.१२४७, १.०२९८, १.१००२, १.०४७०, १.०८६६, १.०५६७. एकदा वर, एकदा खाली. जवळ येत होते, पण मुंगीच्या पावलाने. दर वेळी घन काढायचा, तो कागदावर लिहायचा, पुन्हा भागाकार करायचा. आठव्या फेरीला एक आकडा चुकीचा लिहिला गेला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. शेवटी सोडून दिलं.

हट्टाने नववं मूळही अशाच रीतीने करून पाहिलं. ४ आणि ५ मिळून ९, म्हणून २ ला अंदाजाच्या पाचव्या घाताने भागलं. १.१८९, ०.९५८, १.२५५, ०.८९५. हे तर दर फेरीला लांबच पळत होतं. दुप्पट होणाऱ्या पैशाचा वाढीचा आकडा १ च्या खाली गेलेला दिसला तेव्हा थांबले.

१० जून, सोमवार

सकाळी भाकऱ्या करताना सुचलं. ७ च्या सगळ्यात जवळ ४ नाही, ८ आहे.

उत्तर सात वेळा गुणलं की १.६ येतं. त्याच उत्तराने अजून एकदा गुणलं की आठ वेळा गुणल्यासारखं झालं, आणि आठवं मूळ तर तीन √ मध्ये मिळतं. म्हणजे घन नको, भागाकार नको. अंदाजाला १.६ ने गुणायचं आणि √ तीनदा दाबायचं, बस.

१.६ मेमरीत ठेवलं (१.६, मग एम प्लस). नंतर कळा अशा (एम आर म्हणजे मेमरीतला आकडा परत आणणारी कळ) :

१ × एम आर = √ √ √

आणि पडद्यावर जे आलं असेल त्यावरच पुन्हा × एम आर = √ √ √. कागदावर काहीही लिहावं लागत नाही. आलेले आकडे : १.०६०५, १.०६८३, १.०६९३, १.०६९४३, १.०६९४५. पाचव्या फेरीत चौथा दशांश स्थिर झाला. काल दोन तासांत जे जमलं नव्हतं ते मिनिटाभरात झालं.

म्हणजे सात वर्षांच्या ठेवीचा खरा दर ६.९४ टक्के. तोंडी सांगितलेला ८.५७. आकडा पाहून मी थोडा वेळ नुसती बसून राहिले. साडेसात टक्के देणारं पोस्ट ज्यांनी कमी म्हणून नाकारलं होतं त्या सगळ्याजणी इकडे सातपेक्षा कमी घेणार होत्या.

कालचं का फसलं तेही आता कळलं. मूळ ज्या संख्येचं हवं, तिच्या जवळ ४, ८ किंवा १६ यांतली जी संख्या असेल ती धरायची. फरक १ असला तर उत्तर धावत येतं. ७ साठी ४ धरले तर फरक ३, म्हणून रखडतं. ९ साठी ४ धरले तर फरक ५, धरलेल्या आकड्यापेक्षाही मोठा, म्हणून ते कधीच येणार नाही.

पंधरावं मूळही लगेच करून पाहिलं. १६ जवळच आहे, म्हणून √ चार वेळा. मेमरीत ३ ठेवले. १.०७१०८, १.०७५६८, १.०७५९७, १.०७५९९. चार फेऱ्यांत काम संपलं. दर ७.६० टक्के. तेरा टक्के कुठे आणि हे कुठे! खरंच १३.३३ टक्के चक्रवाढ असती तर १५ वर्षांत १०,००० चे ६५,००० च्या वर गेले असते.

१२ जून, बुधवार

आज दहावं मूळ. पाचव्याचं वर्गमूळ म्हणजे दहावं, तेव्हा पाचवं जमलं की झालं.

यात एक मोठी चूक झाली आणि ती जवळजवळ गटापर्यंत पोहोचली होती. ५ च्या जवळ ४ आहे, म्हणून √ दोनदा. इथवर बरोबर. पण सातव्याची सवय लागलेली असल्यामुळे इथेही गुणाकारच करत गेले : × एम आर = √ √. छान स्थिर झालं, १.२५९९२१. त्याचं √ दाबलं, १.१२२४६२. म्हणजे १२.२५ टक्के! त्या माणसाने सांगितलेल्या दहापेक्षाही जास्त. अध्यक्षा मावशींना मी फोनसुद्धा केला की माझंच चुकत होतं, दहा वर्षांची योजना चांगली दिसते.

फोन ठेवल्यावर पडताळा घ्यायचं आठवलं. आमच्या कॅल्क्युलेटरवर आकडा लिहून × दाबलं आणि मग = दाबत गेलं की तोच आकडा पुन्हा पुन्हा गुणला जातो. पहिल्या = ला वर्ग, दुसऱ्याला घन. १.१२२४६२ चा दहावा घात आला ३.१७. यायला हवे होते २. गुणाकार आणि दोन √ केले की तिसरं मूळ येतं, पाचवं नाही, कारण तीन आणि एक मिळून चार. ५ हे ४ च्या पलीकडे आहे, तिथे गुणायचं नाही, भागायचं असतं. मावशींना परत फोन केला. त्या म्हणाल्या, "बरं झालं लगेच सांगितलंस, मी आता जाऊबाईंकडेच निघाले होते."

त्यानंतर नियमच केला : पडताळा झाल्याशिवाय कोणताही आकडा तोंडातून बाहेर काढायचा नाही.

मग दर फेरीचा आकडा कागदावर लिहून, भागून खरं उत्तर काढलं. त्याच्या पडताळ्यातही एक फसगत झाली, तीही लिहिते. दहावा घात म्हणून = दहा वेळा दाबलं आणि २.१४३५ आलं. पुन्हा घाबरले. पहिल्याच = ला वर्ग होतो, तेव्हा दहाव्या घातासाठी = नऊ वेळाच दाबायचं. काही कॅल्क्युलेटरवर यासाठी × ची कळ दोनदा दाबावी लागते. आधी ५ घेऊन पाहा. २५ आणि मग १२५ आले तर तुमच्या यंत्राची रीत तुम्हाला कळली.

१३ जून, गुरुवार

पाचव्या मुळाची अडचण पुरती सुटलेली नव्हती. भागायचं म्हणजे २ भागिले पडद्यावरचा आकडा. पण आकडा आधीच पडद्यावर आणि २ मेमरीत. एम आर दाबलं की पडद्यावरचा आकडा जातो. म्हणून दर फेरीला तो कागदावर लिहायचा आणि पुन्हा टाकायचा. आठ-नऊ अंक दर वेळी हाताने टाकायचे तर गटातली एकही बाई हे करणार नाही, आणि त्यांनी का करावं?

दुपारी घाईत उलटं दाबलं गेलं. एम आर ÷ आकडा करायच्या ऐवजी आकडा ÷ एम आर. १ ÷ एम आर = √ √ आणि पडद्यावर ०.८४०९. चुकलं म्हणून पुसणार होते, तेवढ्यात वहीतल्या कालच्या पहिल्या आकड्याकडे लक्ष गेलं : १.१८९२. सहज १ ÷ १.१८९२ करून पाहिलं तर ०.८४०९. म्हणजे उत्तर चुकलं नव्हतं, फक्त उलटं झालं होतं, एक भागिले उत्तर. आणि पुढच्या फेरीत मला नेमकी एक भागिले उत्तराचीच गरज होती! आता त्याला नुसतं २ ने गुणलं की भागल्यासारखंच होणार.

म्हणून एकदा भागायचं, एकदा गुणायचं :

१ ÷ एम आर = √ √ × एम आर = √ √

आणि हेच पुन्हा. भागल्यावर पडद्यावर उलटा आकडा असतो, तिकडे पाहायचंच नाही. गुणल्यानंतरचा वाचायचा. आले ते असे : १.१३८७८९, १.१४८०७६, १.१४८६५९, १.१४८६९६. पाचव्या जोडीला १.१४८६९८. शेवटी एकदा √ : १.०७१७७३. पडताळ्याला = नऊ वेळा, २ ला अगदी चिकटून. मुलीच्या फोनवरही तेच.

दहा वर्षांत दामदुप्पट म्हणजे ७.१८ टक्के. या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत जास्त आनंद झाला तो ही कळांची जोडी सापडली तेव्हा.

नववं मूळही याच रीतीने येतं, √ दोनदाऐवजी तीनदा. नऊ वर्षांत दुप्पट म्हणजे ८.०१ टक्के.

१५ जून, शनिवार

शेजारच्या वहिनींना बसवून करायला लावलं. मी फक्त पाहत बसले. पहिलं उदाहरण सातव्याचं, बरोबर आलं. मग पंधराव्यासाठी त्यांनी ३ लिहून एम प्लस दाबलं आणि आकडे भलतेच यायला लागले. एम प्लस म्हणजे मेमरीत भर घालणं. आधीचे १.६ तिथेच होते, त्यात ३ मिळाले आणि मेमरी ४.६ झाली. मी एकटी करत होते तेव्हा दर वेळी यंत्र बंद करून सुरू करायची सवय असल्यामुळे ही चूक मला दिसलीच नव्हती.

कार्डाची पहिली ओळ आता "आधी एम सी" अशी. ही मेमरी पुसणारी कळ. तिच्याऐवजी एमआरसी अशी एकच कळ असेल तर ती लागोपाठ दोनदा दाबायची.

वहिनींनी दुसरी एक गोष्ट लक्षात आणून दिली. √ किती वेळा दाबलं ते विसरायला होतं. सातव्यात तीन, पाचव्यात दोन, इथवर ठीक. पण पुढच्या रीतीत बारा वेळा दाबायचं आहे.

१६ जून, रविवार

बारा √ ची रीत कशासाठी हवी ते सांगते. किसान विकास पत्राची दामदुप्पट ११५ महिन्यांत होते, म्हणजे ९ वर्षं ७ महिने. वर्षांच्या मुळात हे बसत नाही. अकरा आणि तेरा वर्षंही जवळच्या ८ किंवा १६ पासून तीनने किंवा जास्तीने लांब, रखडत येतात.

रीत अशी. रास भागिले मुद्दल करून आलेला आकडा टाका. √ बारा वेळा. १ वजा. मग मुदतीने भागा (महिन्यांत असेल तर आधी १२ ने गुणा, मग महिन्यांनी भागा). १ मिळवा. आता बारा वेळा वर्ग, म्हणजे × = × = असं बारा वेळा.

२ वर √ बारा वेळा दाबल्यावर आला १.०००१६९२३९७. वजा १, गुणिले १२, भागिले ११५, अधिक १ आणि बारा वर्ग. उत्तर १.०७५०१. साडेसात टक्के! पोस्टाने जाहीर केलेला दर आपल्या साध्या कॅल्क्युलेटरवर जसाच्या तसा उतरला. या रीतीवर माझा विश्वास बसला तो इथे, कारण या वेळी उत्तर मला बाहेरून माहीत होतं.

हे पहिल्या खेपेला आलं नव्हतं. पहिल्यांदा १.१५५७ आलं, म्हणजे साडेपंधरा टक्के. √ अकराच वेळा दाबलं होतं आणि वर्ग बारा केले होते. एका कळेची चूक आणि दर दुपटीच्या वर. कागदावर रेघा मारून पाहिल्या, पण एक हात कळेवर आणि नजर पडद्यावर असताना रेघ राहून जाते. शेवटी सासूबाईंनी डब्यातले बारा चिंचोके काढून दिले. एक √, एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. वर्ग करताना तेच चिंचोके उजवीकडून डावीकडे. सगळे परत आले की हिशेब पुरा. त्यानंतर एकदाही चूक झालेली नाही.

१८ जून, मंगळवार

गटातल्या एकीकडे लहान सौर कॅल्क्युलेटर आहे, आठ अंकी. तिने घरी बारा √ ची रीत केली आणि पोस्टाचा दर ७.४७ आला. तिने विचारलं, माझं काय चुकलं? तिचं काहीच चुकलं नव्हतं. माझ्याकडे आणून करून पाहिलं, मलाही १.०७४७२३६ च आलं.

दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून दर पायरीचा आकडा लिहिला. बारा √ नंतर मोठ्यावर १.०००१६९२३९७ आणि लहानावर १.०००१६९१. एक वजा केला की लहानाकडे कामाचे चारच अंक उरतात. ११५ ने भागल्यावर उरतात तीन : ०.००००१७६. या तीन अंकांवर पुढचे बारा वर्ग उभे राहतात, मग उत्तर जरा घसरणारच.

उपाय म्हणून √ कमी केले. आठ अंकी यंत्रावर दहा √ आणि दहा वर्ग घेतले तर १.०७४९४४४ आलं, म्हणजे ७.४९. सातव्या मुळासाठी २ घेऊन तपासलं. खरं उत्तर १.१०४०८९५. लहान यंत्रावर बारांनी १.१०३७१११, दहांनी १.१०४०४८८. तेव्हा कार्डावर लिहिलं : बारा अंकी यंत्राला बारा चिंचोके, आठ अंकीला दहा. गुणाकार-भागाकाराच्या रीतीत असा फटका बसत नाही, कारण तिथे दर फेरी आधीची चूक दुरुस्त करत जाते. म्हणून जिथे ती चालते तिथे तीच वापरावी, असं माझं मत झालं आहे.

यात अर्धा दिवस गेला, त्यातला बराचसा आभाळ आल्यामुळे. दुपारी वीज गेली, बाहेर अंधारून आलं आणि सौर यंत्राचा पडदा सातव्या-आठव्या वर्गाला पुसट होऊन गेला. पुन्हा सुरुवात. पावसाळ्यात बारा अंकी, सेल असलेलंच यंत्र वापरावं.

२१ जून, शुक्रवार

वटपौर्णिमा. वडापाशी सगळ्या भेटल्या. उद्याची बैठक २९ तारखेवर ढकलली, दोघीजणी माहेरी गेल्या आहेत. बरं झालं, कार्ड अजून व्हायचं होतं.

कार्डाचा मजकूर ठरला. वर : एम सी, मग रास ÷ मुद्दल =, एम प्लस. त्याखाली मुदतीनुसार कळा. ३ वर्षं : × एम आर = √ √ पुन्हा पुन्हा. ७ वर्षं : तेच, √ तीनदा. १५ वर्षं : √ चारदा. ५ वर्षं : एकदा ÷ एम आर, एकदा × एम आर, प्रत्येकानंतर √ दोनदा, गुणल्यानंतरचा आकडा वाचायचा. ९ वर्षं : तसंच, √ तीनदा. ६ म्हणजे ३ ची रीत आणि शेवटी एक √. १० म्हणजे ५ ची आणि एक √. १२ म्हणजे ३ ची आणि दोन √. १४ म्हणजे ७ ची आणि एक √. बाकी सगळं चिंचोक्यांनी. मागच्या बाजूला पडताळा.

सुरुवात नेहमी १ पासून. चांगला अंदाज घेतला तर एखादी फेरी वाचते, पण अंदाज कसा घ्यायचा हे समजावण्यात त्याच्या तिप्पट वेळ जातो.

२४ जून, सोमवार

झेरॉक्स आणि लॅमिनेशन. वीस कार्डं. झेरॉक्सचे ८० रुपये, लॅमिनेशनचे ४००. पहिल्या पाचांवर √ चं चिन्ह इतकं बारीक आलं की टिकमार्कसारखं दिसत होतं, ती पाच वाया गेली आणि पुन्हा करावी लागली, १२० रुपये. चिन्ह हाताने, जाड पेनाने मोठं काढून मगच झेरॉक्स करावी.

खाली एक ओळ मी शेवटच्या क्षणी वाढवली : "हे कार्ड दर सांगतं. पैसे परत मिळतील की नाही ते सांगत नाही." ही ओळ नसती तर कुणीतरी मोठा दर पाहून हेच कार्ड पुरावा म्हणून पुढे केलं असतं.

२९ जून, शनिवार

बैठक. मी आकडे सांगितले नाहीत. पत्रक मधे ठेवलं, कॅल्क्युलेटर फिरवला आणि तीन जणींना एकेक ओळ दिली. सातवं आणि पंधरावं सरळ आलं. दहाव्याला अध्यक्षा मावशी बसल्या. दुसऱ्या जोडीला त्यांनी ÷ आणि × ची अदलाबदल केली, आकडा भलताच दिसला, त्यांनी स्वतःच एम सी दाबून पुन्हा सुरुवात केली. सहा मिनिटं लागली. मग त्यांनी मोठ्याने वाचलं : "एक पूर्णांक शून्य सात एक सात. म्हणजे सात टक्के आणि वर थोडं." आणि लगेच = मोजत पडताळा घेतला, नऊ वेळा, प्रत्येक वेळी बोट टेकवत.

फार बोलणं झालंच नाही. पोस्टात दामदुप्पट ९ वर्षं ७ महिन्यांत, इथे १० वर्षांत, आणि हाच "दहा टक्के". एवढं शेजारी शेजारी दिसल्यावर पत्रकं घडी करून ठेवली गेली. एकीने मात्र पंधरा वर्षांची योजना घ्यायचं ठरवलं आहे. तिथला ७.६० पोस्टापेक्षा किंचित वर आहे. आकडा बरोबर वाचून तिने ठरवलं आहे, त्यामुळे मी काही म्हटलं नाही, फक्त कार्डावरची शेवटची ओळ दाखवली.

मग सर्वांत धाकट्या सभासदाने विचारलं, "ताई, आपण गटातून कर्जाला महिन्याला दोन टक्के घेतो, ते वर्षाला चोवीसच ना?"

तिच्याच हातात यंत्र दिलं. १.०२ × आणि = अकरा वेळा. १.२६८२. हप्ता दर महिन्याला भरला तर चोवीसच, पण थकला आणि व्याजावर व्याज चढलं तर २६.८२ टक्के. खोलीत सगळ्या गप्प झाल्या. आमच्या वहीत दोन खाती सात महिन्यांपासून थकलेली आहेत आणि त्यांना मीच थकलेल्या व्याजावर व्याज लावत आले आहे. ती दोन्ही पानं आज रात्री काढली आहेत, पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून पुन्हा मांडायला घेते आहे.